उगारलेला हात

"चित्रातून आमचा फोटो काढून टाका, नाहीतर नोटीस येईल," संग्रहालयाचे साहेब फोनवर म्हणाले.

माझ्या डिजिटल चित्रात त्यांच्या वेबसाइटवरच्या फोटोतली दगडी सुरसुंदरी, जुन्या देवळावरची अप्सरा, होती. कमरेच्या वरचीच, एक हात नाचात असावा तसा डौलात उंचावलेली.

"फोटो तुमचा, मान्य. मूर्ती कोणाची?"

"ती आठशे वर्षांपूर्वीची. तिच्यावर कोणाचाच कॉपीराइट नाही."

"मग झालं तर," मी म्हटलं आणि फोटो उडवला.

दुसऱ्या दिवशी तिकीट काढून मूर्तीसमोर फरशीवरच मांडी घातली. पहारेकरी धावत आला. "मॅडम, फोटोला बंदी आहे."

"आणि पेन्सिलीला?"

त्याने भिंतीवरची पाटी नीट वाचली. "नाही," म्हणाला, आणि माझ्या कागदावर त्याची सावली पडत होती म्हणून बाजूला सरकला.

मी पायांपासून सुरुवात केली, तेव्हा दिसलं. खाली एक माकड तिचं वस्त्र ओढत होतं. फोटोत ते कापलं गेलं होतं. वरचा हात नाचाचा नव्हताच. माकडाला फटका द्यायला उगारलेला होता.

नव्या चित्रात ती पूर्ण आली, माकडासकट. पहिली प्रत साहेबांना धाडली.