वळणावरची स्कूटर

२०२३ सालची गोष्ट. जन्मभर होडी चालवलेल्या बाबल्या तांडेलांनी होडी विकून मासे पोचवायला स्कूटर घेतली, आणि त्यांची लेक पूर्वी शिकाऊ परवान्याच्या परीक्षेसाठी त्यांची तयारी करून घेऊ लागली.

"बाबा, समोरून गाडी आली तर कुठल्या बाजूला घ्यायची?"

"उजव्या."

"डाव्या हो! नापास व्हाल."

"अगो, खाडीत समोरून होडी आली की आम्ही उजवीकडेच वळतो. हात आपसूक तिकडे जातो, त्याला मी काय करू?"

पाठ करकरून ते पास झाले. मग स्कूटरला लाल 'एल' चिकटवून, पूर्वीला मागे बसवून मिरजोळ्याच्या अरुंद उतारावर निघाले. वळणावर अचानक समोरून दुसरी स्कूटर अंगावर आली.

"बाबा, डावीकडे!" पूर्वी किंचाळली.

बाबांनी थेट उजवीकडे घातली. तिने डोळे गच्च मिटले. पण धडक काही बसली नाही.


समोरचाही लाल 'एल'वाला, दाभोळचा होडी चालवणारा जुना तांडेलच निघाला; त्यानेही सवयीने उजवीकडेच घातली होती. पुढे दोघांनाही पक्कं लायसन मिळालं; पूर्वी मात्र बाबांच्या मागे न बसता अजून एसटीनेच जाते.