साहेबाची तबकडी

"साहेबांना सांगा, तबकडी मिळणार नाही," सुरैय्या पडद्याआडून म्हणाली.

मुनीरनं घाईनं भाकरीची टोपली पुढे सरकवली. समोर हार्लन साहेब सुरमईचे काटे काढत बसला होता. साहेबाला मराठी कळत नव्हतं, हीच काय ती अल्लाची मेहरबानी. मुनीर त्याच्या तेल कंपनीत स्टोअरकीपर होता. साहेबाची मर्जी फिरली, तर दुबईतली ही खोली आवरायची, पुढच्या बोटीनं मुंबई गाठायची आणि तिथून मुकाट श्रीवर्धन.

गेल्या रमजानच्या आधी साहेबानं नवा रेकॉर्डप्लेअर घेतला आणि जुना मुनीरला दिला. त्यात एक तबकडी चुकून राहिली होती. ती परत न्यायला साहेब आज जुम्म्याच्या जेवणाचं निमित्त करून आला होता.

तबकडीला कव्हर नव्हतं. मधल्या कागदावरचं नाव कुणीतरी चाकूनं खरवडलेलं. अमेरिकेतली गावठी गाणी, एक गिटार आणि एका पुरुषाचा जाड, संथ आवाज. मुनीरला ती ऐकून झोप यायची. सुरैय्याला इंग्रजीचा गंध नव्हता, पण तिनं ती तबकडी डोक्यावर घेतली होती. दुपारी शेजारच्या हव्वाबी आणि बानू तांदूळ निवडायला यायच्या, तेव्हा ती त्यांना उस्तादाच्या थाटात समजावून सांगायची. पहिली बाजू नुसती ओळख करून घ्यायला. माणूस मन मोकळं करतो ते दुसऱ्या बाजूला. तिथल्या तिसऱ्या गाण्यात गिटार थांबते, तो थोडा वेळ गप्प राहतो आणि मग एका बाईचं नाव घेतो. वर्षानं बोटीवरून घरी आलेला खलाशी दारात असाच थांबतो, हे श्रीवर्धनच्या बायकांना सांगायला लागत नव्हतं. हव्वाबी तर तिथे दर वेळी डोळे पुसायची.

"मिसेसला रेकॉर्ड फार आवडते, सर," मुनीरनं बायकोचं बोलणं इंग्रजीत मऊ करून सांगितलं.

साहेब कोरडं हसला. "तिला सांग, ही कुठेच खपली नाही. दुकानदारांनी शेवटी टोपलीत टाकून मातीमोल भावात विकली. लोकांनी ऐकावी अशी ती नाहीच. मी ती खाडीत टाकणार आहे."

मुनीरनं ते भाषांतर केलं आणि हळूच जोडलं, "सुरैय्या, खलास. देऊन टाक."

"बाजारात भडक कापड आधी खपतं. म्हणून ते चांगलं झालं का?" पडद्याआडून उत्तर आलं. "वाजवा. दुसरी बाजू, तिसरं गाणं. ऐकू देत त्यांना."

तिच्या सुरात असा ठामपणा होता, की मुनीर हात धुऊन मशीनपाशी गेला. गाणं सुरू झालं तसा साहेबाचा हात ताटातच थांबला.

"हे बरोबर नाही," तो म्हणाला. "कंपनीच्या कॅम्पात आमचा अमेरिकन जनरेटर आहे, हे मशीन त्या विजेसाठी केलेलं. इथल्या विजेवर हे मशीन हळू फिरतं. खरं गाणं नाचायचं आहे. आवाजसुद्धा एवढा जाड नाही, चांगला पातळ आहे. आतली एक चाकी बदलली की झालं."

मुनीरला हायसं वाटलं. तबकडीवरून गाडी मशीनवर आली होती. "साहेब मशीन दुरुस्त करून देतो म्हणतात. गाणं जलद आहे, नाचायचं."

पडद्यामागं बांगड्या वाजल्या.

"मशीनला हात लावायचा नाही. जिच्यावर जीव आहे तिचं नाव माणूस नाचता नाचता घेईल का? खरं गाणं नाचायचं असेल, तर खरं गाणंच चुकलंय. आपण काय गातोय ते त्या गाणाऱ्यालाच कळलं नसेल. हे सांगा. असंच्या असं सांगा, मऊ करू नका."

मुनीरनं कपाळावरचा घाम पुसला. पुढच्या बोटीचा वार मनात मोजला आणि असंच्या असं सांगितलं.

 गाणं संपल्यावर साहेबानं स्वतः उठून सुई उचलली आणि पुन्हा त्याच गाण्यावर ठेवली. या खेपेला तो उभ्यानं, मान खाली घालून ऐकत राहिला. मग त्यानं मशीन बंद केलं, हॅट घेतली, दारात मुनीरशी दोन वाक्यं बोलला आणि रिकाम्या हातानं गल्लीत उतरला.

सुरैय्यानं पडदा सारला. तबकडी जागेवर होती. मुनीर मात्र दारातच खिळला होता.

"नोकरी गेली?"

"नाही."

"मग काय म्हणाले?"

"म्हणाले, मॅडम बरोबर बोलतात. त्या वेळी मी फार घाईत गायलो."