टोपी, कोपर, पट्टा

"खुणा सांगा," सेक्रेटरी म्हणाला. "बाकी तुमचा अनुभव वगैरे ठीक आहे हो. तो सगळ्यांकडेच असतो."

मास्तरांनी बसल्या बसल्या खुर्ची सावरली. क्लबच्या ऑफिसात पाहुण्याला बसायला एकच खुर्ची, तीही डुगडुगणारी. समोर ट्रॉफ्यांचं कपाट, निम्मं रिकामं. सेक्रेटरीला ते भरायचं होतं आणि मास्तरांना नोकरी हवी होती.

मास्तर म्हणजे बेसबॉलचे कोच. कोच कसले, जन्मभर सहायक कोच. जुन्या क्लबातले मोठे कोच निवृत्त झाले तेव्हा जो तो म्हणाला, आता मास्तरच! मास्तरांनी नवा शर्टसुद्धा शिवून घेतला. आणि कमिटीनं जागा दिली बारक्याला. ज्याला हातमोजा कुठल्या हातात घालायचा इथपासून मास्तरांनी शिकवलं, त्या बारक्याला. टाळ्या सगळ्यात जोरात मास्तरांनीच वाजवल्या. मग घरी येऊन बूट न काढता पंख्याखाली बसून राहिले. दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला आणि मग या-त्या क्लबाचे उंबरे झिजवणं सुरू झालं. जो तो चहा पाजायचा, वय विचारायचा आणि "कळवतो" म्हणायचा.

"कुठंतरी चिकटा हो," बायको म्हणाली होती. "परवा मीठ मागायला तुम्ही कोपर चोळलंत. असंच चाललं तर मला वेड लागेल." हे सांगताना ती हसली नव्हती.

आता खुणांचं असं असतं. सामना चालू असताना कोचला ओरडून डाव सांगता येत नाही, शत्रूलाही ऐकू जातो. म्हणून तो कडेला उभा राहून नाक खाजवतो, छाती पुसतो, टोपीला हात लावतो. त्यातलं निम्म्याहून जास्त नुसतं नाटक. पण जुन्या क्लबात टोपी, मग कोपर, मग पट्टा असं लागोपाठ आलं, की बेसवरच्या, म्हणजे धावेच्या वाटेतल्या थांब्यावरच्या, खेळाडूनं ओळखायचं: पुढचा चेंडू सुटताक्षणी जीव घेऊन पुढच्या बेसकडे पळायचं. ही भाषा मास्तरांनीच बसवलेली. आणि माणूस क्लब सोडून गेला की ती त्याच दिवशी बदलतात, भाडेकरू गेल्यावर कुलूप बदलतात तशी. शेंबड्या पोरालाही हे कळतं.

बदलल्याच असणार, मास्तरांनी स्वतःची समजूत घातली. मेलेल्या खुणा सांगायला आपलं काय जातंय?

त्यांनी सांगितल्या. उभं राहून करूनही दाखवल्या.

"रविवारी त्यांच्याशीच सामना आहे," सेक्रेटरी खूश होऊन म्हणाला. "आमच्या बाकावर बसा. पळण्याची खूण दिसली की खोका, आमची पोरं सावध होतील. जिंकलो की सोमवारपासून तुम्ही इथले कोच. सहायक नाही, कोच."

रविवारी मास्तर बाकावर बसले. नव्या क्लबाची टोपी कपाळाला काचत होती. समोरून बारक्यानं लांबूनच हात केला. मास्तरांनी बुटाची नाडी बांधायला घेतली.

जुन्या क्लबाचा पहिला खेळाडू बेसवर पोचला. बारक्यानं नाक खाजवलं. टोपी. कोपर. पट्टा. त्याच जुन्या खुणा! चेंडू सुटला आणि पोरगं खरंच पळालं!

मास्तर खोकले नाहीत. पोरगं सुखरूप पोचलं. सेक्रेटरीनं सावकाश मान वळवली.

"घसा बसलाय का तुमचा?"

मास्तरांचं आतून डोकं तापलं. अरे गाढवा! साध्या खुणा बदलता येत नाहीत तुला, आणि म्हणे मोठा कोच! याच्यासाठी मला डावललं? आणि आता याचा गाढवपणा झाकायला मी माझ्याच पायावर धोंडा पाडून घेऊ? नाही म्हणजे नाही.

पुन्हा टोपी, कोपर, पट्टा. मास्तर खोकले.

पिचरनं चेंडू मुद्दाम बॅटपासून लांब टाकला. मागे झेलणारा कॅचर आधीच उठून तयार होता, त्यानं तो झेलून थेट पुढच्या बेसकडे फेकला. पळणारा बेसच्या हातभर अलीकडे बाद झाला. तोंडावर आपटला बिचारा, ओठ फुटला. मास्तरांच्याच हाताखाली तयार झालेला होता तो. मास्तरांना वाईट वाटलं, नाही असं नाही. पण एकदा लाज सोडली की घसा मोकळा होतो. ते खोकत राहिले आणि जुन्या क्लबाची पोरं एकामागून एक बाद होत राहिली. शेवटी शेवटी तर सेक्रेटरी खोकल्याआधीच हसायला लागला.

सामना संपल्यावर त्यानं मास्तरांच्या पाठीवर थाप मारली. "सोमवारी या. ऑफिसची किल्ली तुमच्या हातात देतो."

हस्तांदोलनाच्या रांगेत बारक्या समोर आला. मास्तर विजयाच्या गुर्मीत होते, त्यांना राहवलं नाही.

"कोच गेला की खुणा बदलायच्या असतात, बारक्या. एवढंही शिकवलं नव्हतं मी तुला?"

"शिकवलं होतं की." बारक्याचा चेहरा उतरला होता, पण आवाजात राग नव्हता. कुणीतरी मारल्यावर का मारलं ते न कळल्यासारखा तो बघत होता. "सकाळी तुम्हाला त्यांच्या टोपीत बघितलं आणि पोरं माझ्या मागेच लागली, खुणा बदला, खुणा बदला म्हणून. मीच ओरडलो त्यांच्यावर. म्हटलं, आपल्या मास्तरांपासून काय लपवायचं?"