दादांचं वरचं सामान

खरेदीचं नाव काढलं की जयंत वैतागायचा. पण उद्या त्याच्या वडिलांचं, दादांचं तेरावं, आणि गेलेल्या माणसाला वर काही कमी पडू नये म्हणून रामघाटावरच्या गुरुजींनी दानाच्या सामानाची हातभर यादी दिली होती. धोतरजोडी, स्वेटर, मिक्सर, शिवाय बत्तीस इंची टीव्ही!

“दादा जन्मभर रेडिओवर खूष होते. टीव्ही काय डोंबल बघणार वर?” भर टॉवर चौकात तो बायकोवर करवादला.

“चूप रहा हो,” मीराने दटावलं. “बापाला पोहोचवायचंय ना सगळं? मग नाक मुरडू नका.”

टीव्ही गुरुजींनीच सांगितलेल्या दुकानात मिळाला. जयंतने खोकं उघडायला लावलं, तर आतून मूठभर अक्षता सांडल्या आणि पडद्यावर वाळलेल्या कुंकवाचं बोट दिसलं. त्याला शिसारीच आली.

“अरे, ये तो किसी और के दान का है!”

दुकानदाराने शांतपणे अंगठ्याने कुंकू पुसलं.


“बेफिकर ले जाओ, भाईसाब. तीन बार ऊपर जाके आया है, इसको रस्ता पता है.”