गाळाचा अंदाज

“पोरगी गप्प झाली की हातातलं टाकून आधी बघायला जायचं,” असं सासूबाईंनी बजावलं होतं. “गप्प आहे ना आई, मग राहू दे की!” म्हणत तिने ते हसण्यावारी नेलं होतं.

आज ती घरून लॅपटॉपवरच्या व्हिडिओ कॉलवर खाणीच्या साहेबांशी, आपण आखलेल्या तळ्याच्या मापावरून हुज्जत घालत होती. खाणीतलं गढूळ पाणी नदीत जाऊ नये, म्हणून ते आधी तळ्यात अडवायचं होतं.

“निम्मं तळं पुरे,” साहेब म्हणाले.

“सर, टेकडीवर गवताची काडी उरलेली नाही. एका जोरदार सरीत तळं गाळाने भरेल.”

“मॅडम, एवढा गाळ फक्त तुमच्या गणितात वाहतो!”

तेवढ्यात बाल्कनीच्या दाराखालून चिखलाचा लोंढा आला आणि थेट तिच्या खुर्चीखाली पसरला. लेकीने कुंड्यांतली झाडं एकूण एक उपटली होती आणि उघड्या मातीवर पाइप धरून बाईसाहेब तल्लीन उभ्या होत्या.

तिने लॅपटॉपचा कॅमेरा जमिनीकडे वळवला. “हा गाळ नुसत्या कुंड्यांचा, सर. तुमची तर टेकडी आहे.”

“...पूर्ण तळं धरा,” साहेब पुटपुटले.



तुम्ही हे इतकं निवांत वाचताय, म्हणजे तुमचंही पोर गप्पच असणार. जा, आधी बघून या.