शेवटच्या फेरीतलं मांजर

शेवटच्या फेरीत हंबीर सगळ्यांच्या पुढे होता. मोसमातली ही शेवटची शर्यत जिंकली, की मोटरसायकलचं जगज्जेतेपद कोल्हापुरात येणार होतं. एवढ्यात काळं मांजर आडवं गेलं आणि त्यानं करकचून ब्रेक दाबला. अशा वेळी आधी दुसऱ्या कुणाला तरी जाऊ द्यायचं, हे आईनं लहानपणापासून शिकवलेलं.

मागचा इटलीवालाही थांबला. काळं मांजर त्यांच्याकडेही चालत नाही. बघता बघता सगळे स्पर्धक ओळीनं उभे, एकमेकांना हातानं ‘तुम्ही व्हा पुढं’ करत. पंचांनी नियम चाळले. त्यांत मांजर नव्हतं.

शेवटी हंबीरची आई प्रेक्षकांतून उठली, कुंपणाखालून आत शिरली आणि पदर खोचून मांजर गेलेली रेघ ओलांडून ट्रॅकवर पुढं गेली.

“मी घेतला अपशकुन अंगावर. जा आता तू.”

बाकीचे सुसाट सुटले. हंबीर जागचा हलेना. “आणि तुला काही झालं म्हणजे?”

त्यानं तिला मागं बसवलं. “हळू घे रं,” ती वाटभर सांगत राहिली. दोघं सगळ्यांत शेवटी पोचले.

उतरून तिनं लुगडं नीट केलं. “बघितलंस? मांजर आडवं गेलं की हे असंच होतं.”