वाघीण कुठे बसते

जेवणाची घंटा झाली आणि हॉस्पिटलच्या लाँड्रीतल्या नऊ बायका एकदम खाली बसल्या. दहावी मात्र काचेच्या केबिनमध्ये डबा न उघडता तशीच बसून राहिली. सुपरवायझर होऊन तिला आज एकोणीस दिवस झाले होते, आणि एकोणीस दिवस एकटीने तिला जेवण जात नव्हतं.

केबिनमधून सगळं दिसायचं. भिंतीला लावलेली चादरींची गाठोडी, त्यांना टेकून बायका, आणि मधे फरशीवर साबणाच्या डब्याला टेकवून उभा केलेला एकच मोबाईल. त्यावर मालिका लागायची. आदल्या दिवशीचा भाग जेवताना सगळ्यांनी मिळून बघायचा, तोवर घरी कोणीही बघायचा नाही, हा इथला कायदा. मोडणारीशी दिवसभर अबोला.

मालिकेतली बाई काचकारखान्यात साधी कामगार असते आणि पुढे अख्खा कारखाना चालवते. बायका तिला ‘आपली वाघीण’ म्हणायच्या. सुपरवायझरची जागा निघाली तेव्हा, वाघिणीला जमतं तर तुला का नाही, असं म्हणून याच बायकांनी हिच्या मागे लागून अर्ज भरायला लावला होता. सगळ्यात जास्त हट्ट बुटकीचा. बुटकी हिची चादरींची जोडीदारीण. अकरा वर्षं दोघींनी समोरासमोर उभं राहून घड्या घातल्या. दोन कोपरे हिच्या हातात, दोन तिच्या, दोन पावलं पुढे, हाताला हात, पुन्हा मागे. तेवढ्यात सासवा, पोरं, गुडघेदुखी, सगळं बोलून व्हायचं. बुटकी हिला लंबू म्हणायची आणि वर हात करून करून माझे खांदे कामातून गेले, असं रोज कुरकुरायची.

जागा मिळाल्यावर हिने वाघिणीकडून धडे घेतले. आवाज चढवायचा नाही. डोळ्यांत बघून बोलायचं. ‘मी बघते’ म्हटलं की खरंच बघायचं. आरशासमोर इतकी तालीम केली की नवरा म्हणाला, आता आमटीत मीठ जास्त म्हटलं तर मला नोटीस येणार. धडे वाया गेले नाहीत, हे कबूल करायला हवं. महिनाभर बंद असलेला ड्रायर दोन दिवसांत सुरू झाला, दिवस गेलेल्या बाईला बसून करायचं काम मिळालं. सगळं कसं सुरळीत चाललं होतं. फक्त हिच्याशी कोणी वायफळ बोलेना.

काल हिने कायदा मोडला. घरी, एकटीने भाग बघितला. त्यात वाघीण नेमकी ऑफिसातून उठून कामगार बायकांत गेली, जमिनीवर बसली, एकीच्या डब्यातला घास तोंडात टाकला, आणि सगळ्याजणी आधी हसल्या, मग रडल्या. एवढं सोपं होतं तर. उठायचं, जायचं, बसायचं.

डबा घेऊन ती उठली. तिला दुसरं काही नको होतं. दोन गाठोड्यांमधली ती फटीएवढी जागा, शेजारी बुटकीचा खांदा, आणि कोणीतरी न विचारता आपल्या डब्यात हात घालावा, बस्स.

तिला बघून हसणं थांबलं. आक्काने, म्हणजे सगळ्यात जुन्या बाईने, मोबाईल बंद केला आणि घड्याळाकडे बघत विचारलं की सुट्टी संपायला अजून वेळ आहे ना.

“आहे की. मी जेवायला आलेय,” ती म्हणाली.

मग एकच धांदल उडाली. डबे सरकले, पाय आखडले, एकीने फरशीवर सांडलेली शितं निपटून घेतली. बुटकी तर ताडकन उठून पळाली. गाठोड्यांमधली जागा रिकामी झाली. आपल्यासाठीच केली असं समजून ही खाली वाकलीसुद्धा.

“अहो मॅडम, खाली कशाला?”

बुटकी केबिनमधली चाकांची खुर्ची ढकलत आणत होती. तिने ती ओढणीने पुसली, घसरू नये म्हणून चाकाला गाठोडं लावलं आणि तोंडभर हसत बाजूला उभी राहिली. त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, त्याला उत्तर देता आलं असतं.

“अगं, बसते ना मी इथेच.”

“नाही हां,” बुटकी म्हणाली. “आमच्यातली एक खुर्चीत बसली. डोळे भरून बघू तरी द्या आम्हाला.”

ती बसली.

आक्काने मालिका पुन्हा सुरू केली. नऊ डोकी एकमेकींना चिकटून मोबाईलवर वाकली. खुर्चीतून पडदा काही दिसेना, नऊ जणींचे अंबाडे तेवढे दिसत होते. कोणीतरी नाक ओढलं. बुटकी डोळे पुसत मागे वळली.

“बघा मॅडम, कशी खाली येऊन बसलीये. साहेबीण असावी तर अशी. दिसतंय ना तिथून?”

“दिसतंय,” ती म्हणाली.